वणव्यात घर गेलं, विमा कंपनी सही मागतेय: आधी काय करायचं?

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

सप्रेम नमस्कार. आम्ही मूळचे नाशिकचे. आठ वर्षांपासून ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियाच्या ईशान्य भागात एका छोट्या गावाबाहेर राहतो. दोघंही पर्मनंट रेसिडेंट आहोत. मुलं ११ आणि ७ वर्षांची. तीन आठवड्यांपूर्वीच्या वणव्यात चार एकरांवरचं आमचं घर पूर्ण जळालं. सासू-सासरे व्हिजिटर व्हिसावर आले होते, त्यांचे पासपोर्ट आत राहिले. मिस्टरांचा गावात कॅफे आहे. तो वाचला, पण आधी रस्ता बंद होता आणि आता पर्यटक फिरकत नाहीत. घराचा विमा ५ लाख २० हजार डॉलरचा आहे. कंपनी म्हणते, सगळी रक्कम रोख घ्या आणि सही करून मोकळे व्हा. मिस्टर म्हणतात, सरकारी मदत आपल्याहून गरजू लोकांसाठी असते, आपण मागायची नाही. शेजारी भाड्याने राहायचा, त्याचा विमाच नव्हता. गावचा हॉलही गेला. त्यासाठी समिती होतेय आणि मला खजिनदार व्हायला सांगतायत. मेलबर्नच्या मराठी मंडळातले लोक कपडे आणि धान्य पाठवू का, असं विचारतायत. आणि एक: देवघरातले टाक आणि माझं मंगळसूत्र त्या राखेत आहे. जाऊन शोधू का? कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही.

ताई,

दोन गोष्टी आत्ता अजिबात करू नका. विमा कंपनीच्या कागदावर सही करू नका, आणि राखेत पाय ठेवू नका. या दोन गोष्टी एकदा झाल्या की मागे फिरवता येत नाहीत. बाकीचं थोडं पुढेमागे झालं तरी सावरता येतं.

आधी मिस्टरांच्या म्हणण्याबद्दल, कारण ते मनातून गेल्याशिवाय पुढचं काहीच हलणार नाही. त्यांचा समज असा दिसतो की मदतीचं एक ठरावीक गाठोडं असतं, आणि आपण हात घातला की दुसऱ्याच्या वाट्याचं कमी होतं. केंद्र सरकारची आपत्ती मदत अशी चालत नाही. ती १९९१ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याखाली मिळते. जो अटीत बसतो त्याला ती द्यावीच लागते, आणि तुम्ही घेतली म्हणून शेजाऱ्याची एक डॉलरनेही कमी होत नाही. उलट, किती घरांची नोंद झाली आणि किती जणांचं उत्पन्न बुडालं, या माहितीच्या आधारे राज्य सरकार केंद्राकडे तुमच्या भागासाठी पुढची मदत मागतं. तुम्ही नोंदणी केली नाहीत तर कागदावर गावाचं नुकसान तेवढं कमी दिसेल.

आणखी एक फरक. महाराष्ट्रात तलाठी येतो, पंचनामा करतो, यादी तहसीलला जाते. ऑस्ट्रेलियातही आगीनंतर पाहणी होते, पण त्या पाहणीतून तुमच्या खात्यात पैसे येत नाहीत. प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा अर्ज तुम्हालाच करावा लागतो. केंद्राची खिडकी वेगळी, राज्याची वेगळी, काउन्सिलची (म्हणजे स्थानिक पालिकेची) वेगळी, विमा आणखी वेगळा. एका ठिकाणी सांगितलं म्हणजे सगळीकडे कळलं, असं कधीच धरून चालू नका.

केंद्राचं काम सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया बघतं. आपत्तीची लाइन १८० २२ ६६. इंग्रजीत बोलताना अडखळायला होत असेल तर १३१ ४५० वर दुभाष्या मागा. ही सेवा फुकट आहे. मराठी दुभाष्या त्या वेळी मिळाला नाही तर हिंदी मागा. सासू-सासऱ्यांच्या कामात याचा उपयोग होईल.

केंद्राच्या मदती दोन. पहिली म्हणजे आपत्ती पुनर्प्राप्ती रक्कम: प्रौढामागे १,००० डॉलर आणि १६ वर्षांखालच्या मुलामागे ४०० डॉलर, एकदाच. उत्पन्न बघत नाहीत, विमा आहे की नाही तेही बघत नाहीत, आणि त्यावर कर लागत नाही. तुमच्या घरात २,८०० डॉलर होतात. अडचण बहुतेक इथे येते: नवरा दोघांचा मिळून एकच अर्ज भरतो आणि बायकोचे हजार राहून जातात. प्रत्येक प्रौढाचा अर्ज स्वतंत्र लागतो. मुलं मात्र एकाच पालकाच्या अर्जावर दाखवायची. अर्ज मायगव्ह या सरकारी पोर्टलवर सेंटरलिंक (सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाची भत्ते देणारी शाखा) जोडून होतो. पूर्वी कधी सेंटरलिंकशी संबंध आला नसेल आणि ओळखीची कागदपत्रंच जळाली असतील, तर ऑनलाइन झगडत बसू नका. फोन करा किंवा रिकव्हरी हबमध्ये (आपत्तीग्रस्तांसाठीच्या मदत केंद्रात) त्यांचा माणूस बसतो त्याला भेटा, ओळख पटवायची दुसरी वाट ते काढून देतात. ही मदत प्रत्येक आपत्तीसाठी आणि ठरावीक काउन्सिलांच्या हद्दीसाठी वेगळी जाहीर होते, अटीही त्या त्या वेळी ठरतात. मुदत साधारण सहा महिन्यांची असते. नेमकी तारीख विचारून लिहून ठेवा.

दुसरी मदत मिस्टरांसाठी महत्त्वाची आहे: डिझास्टर रिकव्हरी अलाउन्स. जाहीर झालेल्या हद्दीत तुम्ही राहत किंवा काम करत असाल आणि आगीमुळे थेट उत्पन्न बुडालं असेल, तर जास्तीत जास्त १३ आठवडे ती मिळते. रक्कम जॉबसीकर (बेरोजगार भत्ता) किंवा यूथ अलाउन्स (तरुणांचा भत्ता) यांच्या कमाल दरापर्यंत जाते. ही करपात्र आहे. दुकान जळलंच पाहिजे असं नाही, गिऱ्हाईक तुटल्याने धंदा बसला तरी चालतं. पण पुरावा लागतो. गेल्या वर्षीच्या याच महिन्यांची बीएएस पत्रकं (धंद्याची कराची विवरणपत्रं), कार्डाने पैसे घेणाऱ्या ईएफटीपीओएस मशीनचे दिवसवार आकडे, बँकेचे उतारे, आणि रस्ता कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत बंद होता याची नोंद, एवढं एकत्र ठेवा. तुमची स्वतःची नोकरी असेल आणि पगारी रजा चालू असेल तर तुमचं उत्पन्न बुडालं असं ते धरणार नाहीत. बिनपगारी दिवस पडले असतील तर तुम्हीही अर्ज करा.

कॅफेच्या विम्यात धंदा बंद पडल्याची भरपाई असेल, तर ती बहुतेक वेळा दुकानाला इजा झाली तरच मिळते. पण बऱ्याच पॉलिसींत 'प्रवेश रोखला गेल्यास' असं जोडकलम असतं. रस्ता पोलिसांनी बंद केला होता, म्हणजे ते कलम शोधण्यासारखं आहे. छोट्या धंद्यांची अनुदानं दर वेळी वेगळी असतात. २०१९-२० च्या 'ब्लॅक समर' वणव्यांमध्ये आगीने थेट नुकसान झालेल्या धंद्यांना ५०,००० डॉलरपर्यंत मिळत होते, आणि न जळता विक्री ४० टक्के किंवा त्याहून जास्त पडलेल्यांना १०,०००. तुमच्या आगीसाठी काय जाहीर झालंय ते काउन्सिलच्या धंदेवाल्यांसाठीच्या कक्षात विचारा. अर्जाला लागणारे आकडे मात्र तेच, वर सांगितलेले. कर्जवसुलीवाले किंवा पुरवठादार मागे लागले तर स्मॉल बिझनेस डेट हेल्पलाइन १८०० ४१३ ८२८, फुकट आहे.

आता राज्य. व्हिक्टोरियात आपत्तीनंतरची हॉटलाइन १८०० ५६० ७६०. इथे तीन गोष्टी विचारायच्या. पहिल्या दिवसांसाठीची तातडीची रक्कम काही शे डॉलरांची असते, आणि तिची मुदत फार छोटी असते. तीन आठवडे झालेत, तरी विचारा. पुन्हा संसार उभा करायला मिळणारी मोठी रक्कम मात्र उत्पन्न बघून, आणि विमा नसलेल्यांना मिळते. ती तुमची नव्हे, तुमच्या शेजाऱ्याची गोष्ट आहे. त्याला आजच सांगा. भाडेकरूला काही मिळत नाही असं समजून पुष्कळ जण गप्प बसतात. केंद्राचे १,००० डॉलर त्याचेही आहेत, कारण घर मालकाचं असलं तरी राहता तो होता. घर राहण्याजोगं उरलं नाही म्हणजे तो ताबडतोब नोटीस देऊन भाडेकरारातून बाहेर पडू शकतो, पुढचं भाडं लागत नाही आणि बॉन्ड (भाड्याची अनामत) परत मागता येतो. कायद्याचा प्रश्न अडला तर डिझास्टर लीगल हेल्प, १८०० ११३ ४३२.

तिसरी गोष्ट म्हणजे ढिगारा उचलणं, आणि पैशाच्या हिशेबात ही सगळ्यांत मोठी असू शकते. ब्लॅक समरनंतर व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स दोन्ही राज्यांत जळलेली घरं सरकारी खर्चाने उचलली गेली, विमा असो वा नसो. अशी योजना प्रत्येक आगीनंतर असेलच असं नाही. म्हणून हॉटलाइनवर विचारा, असेल तर नाव नोंदवा आणि मालक म्हणून संमतीपत्रावर सही करा. हीच एक सही लवकर केलेली बरी. स्वतः ठेकेदार लावून आधीच साफ केलंत तर तो खर्च परत मिळेल याची खात्री नसते. स्लॅब (घराखालचा काँक्रीटचा पाया) काढणार का, शेड काढणार का, धोकादायक झाडं कोण तोडणार, कुंपणाचं काय, हे प्रश्न लेखी विचारा. आगीत तापलेला काँक्रीटचा स्लॅब पुन्हा बांधकामाला सहसा घेता येत नाही, आणि तो कोणाच्याच कामात धरलेला नाही हे बांधकाम सुरू होताना कळलं तर मोठाच खड्डा पडतो. ढिगारा उचलण्याआधी विमा कंपनीच्या असेसरची पाहणी झाल्याचं किंवा उचलायला हरकत नसल्याचं ईमेलवर घ्या. हे राहिलं की 'आम्ही नुकसान पाहिलंच नाही' असा वाद निघतो.

राखेबद्दल. १९९० च्या आधी बांधलेलं घर असेल तर ॲस्बेस्टॉस धरूनच चाला. छताखालची पट्टी, न्हाणीघराच्या भिंती, वीजमीटरची पाटी, कुठेही असू शकतं. ऑस्ट्रेलियात त्यावर पूर्ण बंदी २००३ च्या ३१ डिसेंबरपासून आली. घर नवं असलं तरी डेकचे आणि कुंपणाचे हिरवट छटेचे खांब तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकच्या मिश्रणात मुरवलेले असतात. ते जळाल्यावर आर्सेनिक राखेत राहतं. मुलांना तिथे नेऊ नका. सेप्टिक टँकवरची जमीन आतून ढासळलेली असू शकते, तिच्यावरून चालू नका, गाडी तर नाहीच. पावसाच्या पाण्याची टाकी वाचली असेल तर पहिला पाऊस येण्याआधी छतावरून येणारा पाइप सोडवून ठेवा, आणि राख पडलेलं पाणी प्यायला किंवा स्वयंपाकाला घेऊ नका. उकळल्याने आर्सेनिक जात नाही.

टाक आणि मंगळसूत्र मिळू शकतं. पण ते ओळखीच्या रूपात मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. चांदी ९६२ अंशांना वितळते, शुद्ध सोनं १,०६४ ला, दागिन्याचं सोनं त्याच्याही थोडं खाली. घराच्या आगीत काही कोपरे तेवढे तापतात, काही नाही. त्यामुळे एका घरात अंगठी तशीच सापडते आणि दुसऱ्या घरात तिचा मणी झालेला असतो. काळे मणी काचेचे असतील तर एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झालेला असेल. तुम्ही असं करा: घराचा नकाशा कागदावर काढा, देवघर कुठे होतं आणि कपाट कुठे होतं ते भिंतीपासूनच्या मापांसकट दाखवा, आणि जागा तपासणाऱ्या व ढिगारा उचलणाऱ्या ठेकेदाराला आधीच द्या. ढिगारा हलवण्याआधी तेवढ्या जागेची राख वेगळी काढता येईल का, असं स्पष्ट विचारा. आधीच सांगितलं तर बरेच ठेकेदार हे करतात. काम सुरू झाल्यावर मशीन थांबवून कोणी शोधत नाही. जागा सुरक्षित असल्याचं तज्ज्ञाने लेखी दिल्यावर स्वतः गेलात तर पी-टू मास्क, वापरून टाकायचा अंगभर सूट, जाड तळाचे बूट आणि हातमोजे घाला. राख आधी पाण्याने हलकी भिजवा आणि मगच चाळणीतून काढा. कोरडी राख उडवत चाळू नका. कपडे गाडीत बसण्याआधीच पिशवीत बंद करा.

दागिन्यांना विम्यात सहसा प्रत्येकी आणि एकूण अशी मर्यादा असते. वेगळी नोंद केली नसेल तर तेवढंच मिळतं. नाशिकच्या सराफाची पावती असेल तर मागवून घ्या.

आता विमा, जिथे खरा पैसा आहे. सरकारची मदत तुम्हाला पहिले काही महिने तरून नेईल, घर बांधून देणार नाही. घर विम्याच्या पैशातूनच उभं राहील, म्हणून तिथे घाई करू नका.

५ लाख २० हजार ऐकायला पुष्कळ वाटतात. समजा तुमचं घर १७० चौरस मीटरचं होतं आणि बांधकामाचा दर ३,६०० डॉलर धरला, तर ६ लाख १२ हजार झाले. म्हणजे सुरुवातीलाच ९२ हजार कमी. त्यात अजून आगीच्या नियमांचा खर्च धरलेला नाही. २००९ च्या 'ब्लॅक सॅटर्डे' वणव्यांनंतर व्हिक्टोरियात नियम कडक झाले. नवं घर बांधताना बुशफायर अटॅक लेव्हल (बीएएल, म्हणजे वणव्याच्या धोक्याची पातळी) काढावी लागते. आसपासची झाडी कुठल्या प्रकारची, किती अंतरावर, उतार कसा, यावरून ती ठरते: बीएएल-लो, १२.५, १९, २९, ४० आणि सर्वांत वर फ्लेम झोन. आकडे म्हणजे घरावर दर चौरस मीटरला किती किलोवॅट उष्णता येईल याचा अंदाज. जशी पातळी चढते तशा काचा, दारं, डेक, छताच्या फटी, सगळं महाग होत जातं. घरं बहुतेक वेळा ज्वाळेने नाही, वाऱ्यावर येणाऱ्या निखाऱ्यांनी पेटतात. म्हणूनच वेंटवरच्या जाळीचं भोक २ मिलिमीटरपेक्षा मोठं चालत नाही. शिवाय वणव्याच्या क्षेत्रात १,००० चौरस मीटरहून मोठ्या जागेवर अग्निशमनासाठी साधारण १०,००० लिटरची काँक्रीटची किंवा धातूची टाकी, सीएफएच्या (राज्याच्या ग्रामीण अग्निशमन दलाच्या) जोडणीसकट ठेवावी लागते. जुनं घर या नियमांआधीचं असेल तर विम्याचा आकडा ठरवताना यातलं काहीच धरलेलं नसणार.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी मान्यताप्राप्त माणसाकडून बीएएल काढून घ्या. मग दोन बिल्डरांकडून त्या पातळीच्या घराचा लेखी अंदाज घ्या. मग पॉलिसी उघडून बघा की इमारतीच्या रकमेखेरीज वेगळं काय आहे: ढिगारा काढण्याची रक्कम, आर्किटेक्ट आणि परवान्यांचा खर्च, नव्या नियमांमुळे वाढणारा खर्च, तात्पुरत्या राहण्याचं भाडं (अनेकदा १२ महिन्यांपर्यंत). काही पॉलिसींत रक्कम कमी पडली तर २५-३० टक्क्यांपर्यंत वर देण्याची सोयही असते. तुमच्यात आहे का पाहा. रोख घेतलीत की यातल्या बऱ्याच गोष्टी त्या एका आकड्यात विरघळून जातात आणि पुढचा सगळा धोका तुमच्या डोक्यावर येतो. कंपनीने आकडा स्वतःच्या बिल्डरांच्या सवलतीच्या दराने काढला असेल, तर त्या दरात तुम्हाला कोणी बांधून देणार नाही.

रोख देऊ करताना कंपनीने तुम्हाला रोख तडजोडीचं माहितीपत्रक द्यायला हवं. इतर कुठले पर्याय आहेत ते त्यात असतं. ते मागा. घरावर कर्ज असेल तर चेक थेट बँकेच्या नावाने निघू शकतो आणि बँक तो कर्जात वळता करू शकते. सहीआधी बँकेच्या हार्डशिप (अडचणीतल्या कर्जदारांसाठीच्या) विभागाशी बोला, हप्ते थांबवून घ्या, आणि विम्याची रक्कम बांधकामासाठी ठेवणार का हे लेखी घ्या. कंपनीशी पटलं नाही तर आधी तिच्याकडेच तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं किंवा पटलं नाही तर एएफसीए ही आर्थिक तक्रारी सोडवणारी स्वतंत्र संस्था, १८०० ९३१ ६७८. तक्रारदाराला एक पैसा लागत नाही. तुमची आग विमा उद्योगाने महाआपत्ती म्हणून जाहीर केली असेल आणि पहिल्या महिन्यातच क्लेम संपवला गेला असेल, तर उद्योगाच्या आचारसंहितेनुसार १२ महिन्यांत तो पुन्हा तपासायला लावता येतो. पण या सवलतीच्या भरवशावर सही करू नका.

घरातल्या सामानाची यादी मागितली तर आधी विचारा की पूर्ण नुकसानीत यादी लागते का. अनेक कंपन्या पूर्ण रक्कम यादीशिवाय देतात. लागत असेल तर फोनमधले गणपतीचे आणि दिवाळीचे फोटो उघडा. आरास बघू नका, मागची भिंत बघा: टीव्ही, शोकेस, पडदे, गालिचा, कोपऱ्यातली शिलाई मशीन. नातेवाइकांकडचे व्हॉट्सॲपवरचे फोटोही मागवा. स्वयंपाकघर सगळ्यांत जास्त विसरलं जातं. पितळी पातेली, कुकर, मिक्सर, वेट ग्राइंडर, फ्रीझरमधला माल, हे सगळं लिहा.

आणि बिल्डर. आगीनंतर दारोदार फिरणारे 'आम्ही तुमचा क्लेम लढवतो' वाले आणि आगाऊ रक्कम मागणारे ठेकेदार येतातच. व्हिक्टोरियात २०,००० डॉलर किंवा जास्तीच्या घरबांधणी करारात अनामत ५ टक्क्यांपेक्षा जास्त मागता येत नाही. जो मागतो त्याला परत पाठवा.

सासू-सासऱ्यांना व्हिजिटर व्हिसावर केंद्राची रक्कम मिळणार नाही. रिलीफ सेंटरमधली धर्मादाय मदत मात्र त्यांच्यासाठी वेगळी मागा. पासपोर्टसाठी आधी पोलिसांत हरवल्याची नोंद करा, मग मेलबर्नच्या भारतीय वकिलातीसाठी व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीमार्फत अर्ज. लगेच परत जायचं असेल तर फक्त भारतात जाण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. व्हिसा कागदावर नसतो, गृह खात्याच्या नोंदीत पासपोर्ट नंबरला जोडलेला असतो. म्हणून नवा पासपोर्ट आला की फॉर्म ९२९ ने किंवा गृह खात्याच्या इमीअकाउंट या ऑनलाइन खात्यात नंबर बदलून घ्या, नाहीतर विमानतळावर अडवतील. यात लक्ष ठेवायची तारीख व्हिसा संपण्याची आहे. पासपोर्टला वेळ लागतो आणि व्हिसा तुमच्यासाठी थांबत नाही. व्हिसावर ८५०३ ही अट असेल तर इथून नवा व्हिसा मागता येत नाही, आधी ती अट उठवून घ्यावी लागते. आगीसारखं आवाक्याबाहेरचं कारण त्यासाठी मांडता येतं. हे काम नोंदणीकृत मायग्रेशन एजंटकडूनच करा. धाकट्याचा जन्म व्हिक्टोरियातला असेल तर दाखला राज्याच्या जन्मनोंदणी कार्यालयातून मिळेल, आपत्तीग्रस्तांना फी माफ आहे का विचारा. मोठ्याचा दाखला नाशिक महापालिकेतून घरच्या कोणाला काढायला सांगा. सगळ्यांच्या प्रती एका क्लाउड फोल्डरमध्ये ठेवा.

खजिनदारपद घ्या, पण हॉल कोणाचा आहे हे आधी शोधा. काउन्सिलचा असेल तर सार्वजनिक मालमत्ता म्हणून केंद्र-राज्याच्या वाटणीच्या निधीतून तो उभा राहू शकतो. सरकारी जमिनीवरच्या व्यवस्थापन समितीचा असेल तर त्याचा विमा कोणी काढला होता ते राज्याच्या खात्याला विचारायचं. नोंदणीकृत संस्थेचा असेल तर संस्थेच्या विम्याचे कागद. हे न बघता अनेक समित्या वर्गणी गोळा करायला लागतात. अनुदान बहुतेक वेळा नोंदणीकृत संस्थेलाच मिळतं. तुमची समिती नवी असेल तर नेबरहूड हाउस (गावातलं सामाजिक केंद्र) किंवा काउन्सिलच्या छत्राखाली अर्ज करा. वेगळं बँक खातं, दोन सह्या, प्रत्येक देणगीची नोंद, आणि अनुदान मंजूर होण्याआधीची बिलं सहसा धरत नाहीत हे लक्षात ठेवून खर्च. मोठी अनुदानं उशिरा येतात. ब्लॅक समरनंतर २० हजारांपासून १ कोटी डॉलरपर्यंतच्या अनुदानांचे अर्ज २०२१ मध्ये, म्हणजे आगीनंतर दीडेक वर्षाने मागवले गेले. तोवर लोक थकलेले असतात, आणि ज्यांनी पहिल्याच महिन्यात हॉलचे फोटो, जुने नकाशे आणि कोण किती वापरायचं याची यादी जमवून ठेवलेली असते त्यांचेच अर्ज वेळेत जातात. ते काम आत्ता करा.

तुमच्या मनाबद्दल दोनच वाक्यं. मुलं रात्री दचकून उठत असतील, तुम्हाला झोप येत नसेल, तर रिकव्हरी हबमधल्या समुपदेशकाला भेटा. रात्री-बेरात्री लाइफलाइन १३ ११ १४.

मराठी मंडळाला सांगा, कपडे नकोत. आगीनंतर गावोगावच्या हॉलांत जुन्या कपड्यांचे ढीग पडतात, आणि ते निवडायला, साठवायला, शेवटी फेकायला थकलेल्याच माणसांना राबावं लागतं. वस्तू द्यायच्याच असतील तर गिव्हिट या संस्थेमार्फत, जी काय हवंय ते आधी विचारून जुळवून देते. तुमच्या घरासाठी तांदूळ, डाळी आणि एक कुकर ठीक आहे, कारण काय हवंय ते तुम्ही स्वतः सांगू शकता. बाकीच्यांसाठी पैसे, किंवा त्याहून बरं, तुमच्या गावातल्याच दुकानांची गिफ्ट कार्डं. त्या पैशात माणसाला हवं ते घेता येतं आणि पर्यटकांविना बसलेल्या दुकानांचा गल्लाही चालतो. मिस्टरांच्या कॅफेचं कार्डही त्यात घाला.